प्रागचं घड्याळ वर्गात करायचं, तर क्षितिज आपल्या गावाचं काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठवीच्या वर्गाबरोबर प्रागच्या मध्ययुगीन खगोलीय घड्याळावर दीड-दोन महिन्यांचा प्रकल्प करायचा आहे. मुलांकडून प्रतिकृती करून घ्यावी का, गणित झेपेल का, आणि शेवटी मुलांना काय समजलं हे तपासायचं कसं?

सर, मी पुण्यात आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते आणि हा प्रकल्प बारा वेळा केला आहे. पहिल्या वर्षी आम्ही थर्माकोलची मोठी प्रतिकृती केली होती. खिडक्यांतून बाहेर येणारे बारा प्रेषित, घंटा ओढणारा सांगाडा, आरवणारा सोनेरी कोंबडा, सगळं होतं. प्रदर्शनात गर्दी झाली. एका पालकांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "यात आत्ता सूर्य कुठे आहे?" त्याने डिंकाने चिकटवलेल्या सोनेरी सूर्याकडे बोट दाखवलं. तो सूर्य तीन दिवस तिथेच होता. मुलगा हुशार होता, पण मी त्याला घड्याळाचा देखावा करायला लावला होता, घड्याळ दिलंच नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पुतळे सोडा, तबकडी करा. आणि तबकडी प्रागची करून थांबू नका. तिच्यावरचं क्षितिज आपल्या गावाचं काढा. या प्रकल्पाचा जीव तिथे आहे.

आधी घड्याळाविषयी, जेवढं वर्गात लागतं तेवढं. प्रागच्या जुन्या नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवर हे घड्याळ आहे; चेक लोक त्याला ओरलॉय म्हणतात. ते १४१० सालचं. कादान गावचा घड्याळजी मिकुलाश याने ते घडवलं आणि त्यामागचं खगोलगणित चार्ल्स विद्यापीठातले यान शिंदेल यांचं, असं मानलं जातं. खालची महिन्यांची तबकडी १४९० च्या सुमारास आली आणि पुतळे टप्प्याटप्प्याने नंतर. १९४५ च्या मे महिन्यात, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, नगरभवनाला आग लागली आणि घड्याळाचं मोठं नुकसान झालं. १९४८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. आज दिसणारे लाकडी प्रेषित त्या दुरुस्तीच्या वेळचे आहेत. म्हणजे मुलांना जे सर्वात 'जुनं' वाटतं ते बरंच नवं आहे, आणि वरच्या ज्या खगोलीय तबकडीकडे कुणी दोन मिनिटंही बघत नाही ती १४१० ची कल्पना आहे.

एक दंतकथा तुम्हाला सगळीकडे सापडेल: हानुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ केलं आणि दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे काढले. ही गोष्ट वगळू नका, पण गोष्ट म्हणूनच सांगा. शतकानुशतकं श्रेय हानुशला दिलं गेलं. पुढे विसाव्या शतकात १४१० च्या कागदपत्राच्या आधारे ते मिकुलाशकडे गेलं. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपल्या मुलांना माहीत असतेच. दोन्ही शेजारी ठेवा आणि विचारा, 'कागद काय म्हणतो?' इतिहासाचा एक चांगला तास होतो.

आता तबकडी. मध्यभागी पृथ्वी आहे. तिच्याभोवती एकाच केंद्राची तीन वर्तुळं: सर्वात आतलं मकरवृत्त, मधलं विषुववृत्त, बाहेरचं कर्कवृत्त. वरचा निळा भाग म्हणजे दिवस, खालचं काळं वर्तुळ म्हणजे रात्र, आणि मधला तांबूस पट्टा म्हणजे संधिप्रकाश. या सगळ्यावर राशिचक्राचं एक कडं फिरतं, ते मुद्दाम केंद्राबाहेर बसवलेलं आहे. सूर्य आपल्या काट्यावर आत-बाहेर सरकतो आणि कायम त्या कड्यावर राहतो. त्यामुळे जूनमध्ये तो बाहेरच्या वर्तुळावरून मोठी फेरी मारतो आणि निळ्यात जास्त वेळ राहतो. डिसेंबरमध्ये आतल्या वर्तुळावरून छोटी फेरी मारून लवकर मावळतो. ऋतू का होतात याचं यापेक्षा स्वच्छ चित्र मी पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही.

मुलांना दक्षिणेकडे तोंड करून उभं करा. डाव्या हाताला पूर्व, उजव्या हाताला पश्चिम, माध्यान्हीचा सूर्य समोर वर. तबकडीही नेमकी तशीच आहे. हे अंगणात एकदा उभं राहून केलं नाही, तर पुढचे सगळे तास 'पूर्व डावीकडे कशी?' या एका प्रश्नात जातात.

गणिताची भीती बाळगू नका. त्रिकोणमितीची गरज नाही, कोनमापक आणि पट्टी पुरे. १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. हा पृथ्वीभोवतीच्या आकाशगोलाचा उभा छेद. त्याचा आडवा व्यास दोन्ही बाजूंना लांब वाढवा. सर्वात वरचा बिंदू उत्तर ध्रुव. आता आडव्या व्यासापासून साडेतेवीस अंश वर परिघावर खूण करा आणि उत्तर ध्रुवापासून त्या खुणेतून रेघ ओढून आडव्या रेषेला भिडवा. केंद्रापासून ते अंतर १५.२ सेंमी येतं, ती कर्कवृत्ताची त्रिज्या. साडेतेवीस अंश खाली खूण करून तेच केलं की ६.६ सेंमी, मकरवृत्ताची. विषुववृत्त अर्थात १० सेंमीचं. राशीच्या कड्याने बाहेर कर्कवृत्ताला आणि आत मकरवृत्ताला टेकायचं असतं, म्हणून त्याची त्रिज्या १०.९ सेंमी आणि त्याचं केंद्र मूळ केंद्रापासून ४.३ सेंमी बाजूला. राशी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने लिहायच्या आणि कडं मूळ केंद्राभोवतीच फिरवायचं. आस म्हणून ब्लाउजची टिचबटणं वापरा. टाचणीने पुठ्ठा फाटतो. टिचबटण वर्षभर छान फिरतं.

एक सावधगिरी. तुम्ही शोधायला गेलात तर हातात धरायच्या खगोलयंत्राचे पुष्कळ नमुने मिळतील. आपल्याकडे महेंद्र सूरी यांनी १३७० मध्ये त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि यंत्राला 'यंत्रराज' म्हटलं. म्हणजे प्रागच्या घड्याळाच्या चाळीस वर्षं आधी हीच भूमिती आपल्या भाषेत आली होती. पण हातातल्या यंत्रात सहसा आकाश दक्षिण ध्रुवावरून सपाट केलेलं असतं, म्हणून तिथे मकरवृत्त बाहेर आणि कर्कवृत्त आत येतं. प्रागमध्ये उलट. दोन्ही नमुने एकाच वर्गात मिसळले तर सूर्य जूनमध्ये लवकर मावळायला लागतो आणि अर्ध्या वर्गाचा धीर सुटतो. माझ्या दुसऱ्या वर्षी हेच झालं.

आता क्षितिज. त्याच उभ्या छेदात प्रागचं क्षितिज म्हणजे तिरका व्यास. अक्षांश ५०, म्हणून क्षितिजाचा दक्षिण बिंदू विषुववृत्ताच्या ४० अंश खाली आणि उत्तर बिंदू समोरच्या बाजूला ४० अंश वर. ध्रुवापासून दोन्हींतून रेघा काढल्या की तबकडीवर सुमारे १३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ मिळतं, केंद्रापासून ८.४ सेंमी खाली केंद्र असलेलं. साध्या मोठ्या कंपासात बसतं. मुलं ते कापतात, सूर्य फिरवतात आणि जूनमध्ये सोळा तासांच्या आसपासचा दिवस, डिसेंबरमध्ये आठ तासांच्या आसपासचा दिवस हे स्वतः मोजून काढतात. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "एवढी मोठी रात्र?" त्या मुलांनी प्राग पाहिलेलं नाही, पण डिसेंबरातलं प्राग त्या क्षणी त्यांना कळलेलं असतं.

मग पुणे. अक्षांश साडेअठरा. आता त्या दोन रेघा आडव्या रेषेला १.६ सेंमी आणि ६१ सेंमीच्या पुढे जाऊन भिडतात. क्षितिजाची त्रिज्या साडेएकतीस सेंमी आणि केंद्र जवळजवळ ३० सेंमी खाली. हे कंपासात मावत नाही, वहीत तर नाहीच. आम्ही व्हरांड्याच्या फरशीवर खडूने काढतो. सुतळी घेऊ नका, ती ताणली जाते आणि वर्तुळ बंदच होत नाही. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या, एका भोकात खिळा, दुसऱ्यात खडू. एका वर्षी अशी पट्टी फिरवत गेलेली मुलगी तबकडीवरून पुढे सरकली, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ही तर सरळ रेषच झाली." खरंच, प्रागचा वाटोळा गोल आणि आपली जेमतेम वाकलेली रेघ. वर्तुळं सरळ रेषेने कापली तर आतलं काय नि बाहेरचं काय, जवळजवळ अर्ध्यावरच कापली जाणार. म्हणून आपल्याकडे सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वात छोटा अकरा तासांच्या. ही गोष्ट मी तोंडी वीस वेळा सांगितली असती तरी तिला जे फरशीवर दिसलं ते दिसलं नसतं. हे क्षितिज ट्रान्सपरन्सीच्या पारदर्शक कागदावर उतरवून घ्या, म्हणजे एकाच तबकडीवर प्राग आणि पुणे आलटून पालटून ठेवता येतं. तुमच्या गावाचा अक्षांश वेगळा असेल तर तो घालून रेघा नव्याने काढा.

आणखी एक बिंदू जरूर घ्या: डोक्यावरचा, खस्वस्तिक. पुण्यासाठी तो केंद्राच्या वर १३.९ सेंमीवर येतो, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. सूर्य तिथून वर्षातून दोनदा जातो, मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस, तेच शून्य सावलीचे दिवस. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी आणि दुसऱ्या वेळी पाऊस, तरी मुलं घरी काठी रोवून बघतात. प्रागसाठी हाच बिंदू काढायला सांगा. तो तबकडीच्या पार बाहेर जातो. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कालमापनाच्या कड्यांवर फार वेळ घालवू नका, पण एक कडं सोन्यासारखं आहे. सर्वात बाहेर जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे आहेत, ती जुनी चेक वेळ. ती सूर्यास्तापासून मोजतात. सूर्य मावळला की २४ पूर्ण. सूर्यास्त वर्षभर सरकतो म्हणून हे कडंही मागे-पुढे सरकतं. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून सुरू आणि साठ घटिका. मुलांना विचारा, शेतावर काम करणाऱ्याला कोणती मोजणी सोयीची? चेक वेळेत 'एकवीस वाजले' म्हणजे उजेडाचे तीन तास उरले, वजाबाकी संपली. आतल्या सोनेरी वक्ररेषा दिवसाचे बारा समान भाग करतात. प्रागमध्ये असा एक 'तास' उन्हाळ्यात ८० मिनिटांचा आणि हिवाळ्यात ४० मिनिटांचा. विचित्र वाटलं तर आपला प्रहर आठवून द्या. दिवसाचे चार प्रहर म्हटलं की तेही ऋतूप्रमाणे लांबतात-आखडतात.

रोमन आकडे मात्र नेहमीची वेळ दाखवतात, आणि इथे एक अडचण येते. तबकडीवर सूर्य बारावर असतो तेव्हा मुलांच्या मनगटावर बारा वाजलेले नसतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मनगटावरच्या वेळेतून ३५ मिनिटं वजा करायची आणि मग सूर्य लावायचा. ऋतूप्रमाणे यात पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत आणखी फरक पडतो. आठवीत तो सोडून दिला तरी चालतं.

चाकांविषयी. आतली तीन मोठी चाकं एकाच आसावर आहेत: राशीच्या कड्याचं ३६५ दात्यांचं, सूर्याचं ३६६ आणि चंद्राचं ३७९. तिघांनाही सारखीच चाल मिळते. पुठ्ठ्यात ३६५ दाते कापायच्या फंदात पडू नका, फळ्यावर पुरेसं होतं. एका दिवसात प्रत्येक चाक ३६६ दाते सरकतं असं धरा. सूर्याची बरोबर एक फेरी झाली. राशीचं चाक एक दात पुढे गेलं. चंद्राचं १३ दाते मागे राहिलं. राशीचं चाक रोज एक दात पुढे, म्हणजे ३६५ दिवसांत सूर्य सगळ्या राशी फिरून जागेवर. त्याच चाकाची एक फेरी किती वेळात होते हे मुलांकडून काढून घ्या: २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. नाक्षत्र दिवस, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीची एक फेरी! खऱ्या मूल्याशी फरक एका सेकंदापेक्षाही कमी.

चंद्राचं उत्तर इतकं गोड नाही, आणि म्हणूनच ते जास्त उपयोगाचं. ३७९ भागिले १३ म्हणजे २९.१५ दिवस. पंचांगात अमावास्या ते अमावास्या सरासरी साडेएकोणतीस दिवस. महिन्याला एक तृतीयांश दिवसाहून जास्त तफावत, तीन महिन्यांत एक दिवस. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, कारागीर चुकला. मग मी सांगते, ठीक आहे, तुम्ही दाते सुचवा. ३७८ घेतले तर ३७८ भागिले १२, साडेएकतीस दिवस. ३८० घेतले तर २७.१४. दाता अर्धा कापता येत नाही. सूर्याच्या चाकाला ३६६ दाते ठरल्यावर चंद्रासाठी ३७९ पेक्षा चांगला आकडाच नाही. हे लक्षात आल्यावर वर्ग जो शांत होतो, ती शांतता मला फार प्रिय आहे. त्यानंतर 'मग ते काय करत असतील?' हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. चंद्र अधूनमधून हाताने सुधारावा लागणार. घड्याळाला सांभाळणारा माणूस लागतो.

तुमच्या वर्गात एक वाद हमखास होईल, त्याची तयारी ठेवा. तबकडीवर सूर्य मकर राशीच्या सुरुवातीला २१-२२ डिसेंबरला पोहोचतो. मुलं म्हणतात, संक्रांत तर १४ जानेवारीला! घड्याळ चुकलं की कॅलेंडर? दोन्ही बरोबर, मोजायची सुरुवात वेगळी. घड्याळाच्या राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथपासून मोजलेल्या, म्हणजे सायन. आपली पंचांगं ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतात, म्हणजे निरयन. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश, आणि आज दोन्हींत साधारण २४ अंशांचं अंतर पडलं आहे. सूर्य रोज जवळपास एक अंश चालतो, म्हणून २४ दिवस. दिवस मोठा व्हायला डिसेंबरातच लागतो, हे मुलांनी सूर्यास्ताच्या नोंदींत आधीच पाहिलेलं असलं तर हा तास भांडणाचा न होता शोधाचा होतो. घरी कुणाची आजी दुखावली जाईल असं बोलू नका. तिची तिथी आणि चंद्र अगदी बरोबर असतात, आणि प्रकल्पात तिची मदत लागणारच आहे.

तपासणीसाठी लेखी परीक्षा नको. मी प्रत्येक मुलाला त्याच्या तबकडीसह मैदानात नेते आणि तीन गोष्टी विचारते: आज सूर्य राशीच्या कड्यावर कुठे, अंधार पडायला किती वेळ आहे, आणि चंद्र आत्ता क्षितिजाच्या वर आहे का. तिसऱ्या प्रश्नासाठी शुक्ल सप्तमी किंवा अष्टमीचा दिवस निवडा, चारच्या सुमाराची वेळ. चंद्र सूर्याच्या जवळजवळ पाव फेरी मागे, म्हणजे तबकडीवर पूर्वेकडच्या निळ्यात उंच. मुलं कड्यावर बोट ठेवतात, मान वर करतात आणि लख्ख उन्हात अर्धा पांढरा चंद्र तिथेच असतो. बहुतेकांनी दिवसाचा चंद्र आधी पाहिलेला असतो, पण कुठे बघायचं हे सांगून मग पाहिलेला नसतो.

वेळ म्हणाल तर आठवड्याला दोन तास असे आठ आठवडे धरा. त्यातले दोन आठवडे फक्त भूमितीचे. पहिल्या सत्रात करू नका, ढगांमुळे नोंदी होत नाहीत आणि नोंदींशिवाय सगळं कागदावरच राहतं. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करा. तेव्हा आकाश मोकळं असतं, सर्वात लहान दिवस आणि संक्रांत दोन्ही प्रकल्पाच्या ओघात येतात. शाळा उघडेल त्याच संध्याकाळच्या सूर्यास्ताची वेळ मुलांनी घराच्या गच्चीवरून किंवा शेतातून बघून लिहून आणावी; पंचांगातून उतरवलेली नको. तबकडी तयार झाल्यावर तीच पहिली नोंद तिच्यावर ताडून बघा.